बायपासनंतर जळजळ अजिबात नाही, तरी पॅन्टोप्राझोल चालू ठेवायची का?

विश्रामबागची_खाणावळ

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

मी सांगलीत विश्रामबागला खाणावळ चालवते. इंजिनिअरिंगची पोरं, बँकेतले दोघं-तिघं, एक रिटायर्ड मास्तर, असे दोन वेळचे डबे. दिवाळीनंतर पुण्याला जाऊन वजनाचं ऑपरेशन करून घेतलं, गॅस्ट्रिक बायपास. जो तो विचारतो स्लीव्ह का नाही केलं, सोपं असतं म्हणे. तर मला आधीपासून रात्री झोपेत आंबट पाणी घशाशी यायचं. ऑपरेशनच्या आधी दुर्बीण घातली तेव्हा छोटा हर्निया पण निघाला, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडं सरकलेला. सर्जन म्हणाले, स्लीव्हनं हा त्रास वाढायची शक्यता असते, तुम्हाला बायपासच बरं. शुगर पण होती, तिची गोळी आता बंद आहे. हे मुद्दाम आधी सांगते, कारण आमच्या गल्लीत चांगली बातमी ऐकायच्या आधी "केस गळाले का गं?" विचारतात. गळाले. पुढं बोलूया.

डिस्चार्जच्या कागदावर ॲसिडिटीची गोळी पॅन्टोप्राझोल ४० लिहिलीय, सकाळी उपाशीपोटी एक. किती दिवस ते नाही, नुसतं "पुढील भेटीपर्यंत". भेट फेब्रुवारीच्या शेवटी. आता संक्रांत झाली. आणि ऑपरेशन झाल्यापासून मला जळजळ म्हणून एकदाही झालेली नाही. घशाशी येणं तर पार बंद. मग रोज ही गोळी कशासाठी खायची, हा माझा पहिला प्रश्न.

आमच्या जाऊबाईंनी व्हॉट्सॲपवर पाठवलंय की ॲसिडिटीच्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात आणि किडनी जाते. जाऊबाईंचं सगळंच काय मी मनावर घेत नाही, पण कॅल्शियमची गोळी एका हातानं खायची आणि हाडं ठिसूळ करणारी दुसऱ्या हातानं, हे माझ्या डोक्यात बसंना.

परवा गोळ्या संपल्या म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये पोराला पाठवलं. त्यांनी नावापुढं "डी" असलेली कॅप्सूल दिली. "सेमच आहे, मावशी." सेम असेल तर डी कशाला लावलाय? आणि मला ती गिळताना छातीत अडकल्यासारखी वाटते, तर फोडून पाण्यात घालून घेतली तर चालेल का?

थायरॉईडची गोळी पण आहे, ती पण उपाशीपोटी. मी पावणेपाचला उठते, साडेपाचला कणीक. दोन्ही उपाशीपोटी म्हणजे नेमकं कसं बसवायचं?

आणि शेवटचं, गुडघे. वजन उतरलं तरी दिवसभर गॅससमोर उभं राहिल्यावर संध्याकाळी गुडघे बोलतातच. हॉस्पिटलनं पेनकिलरवर काट मारलीय. ओळखीचे एक डॉक्टर म्हणाले, गोळी नको ना, मग इंजेक्शन घ्या, ते पोटात जातच नाही. पटण्यासारखं वाटतंय. कुणी घेतलंय का?

मिरजेची_फार्मसीवाली

ताई, मी मिरजेत मेडिकल चालवते, बी.फार्म. आहे. डॉक्टर नाही आणि तुमचे रिपोर्ट मी बघितलेले नाहीत, त्यामुळं शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा. पण मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, असले कागद माझ्या काउंटरवर रोज येतात, म्हणून लिहिते.

इंजेक्शनचं आधी, कारण ते सगळ्यात घाईचं आहे. घेऊ नका. डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही औषधं पोटाला बाधतात ती तिथं गोळी पडते म्हणून तेवढी नाही. पोटाच्या अस्तराचं रक्षण करणारी जी द्रव्यं शरीर बनवतं, प्रोस्टाग्लँडिन, ती ही औषधं बनूच देत नाहीत. त्यांचं काम रक्तातून चालतं. कमरेत टोचा नाहीतर सलाईनमधून द्या, अस्तर उघडंच पडणार. पॅरासिटामॉल चालते, डोस विचारून घ्या. वरून लावायच्या मलमातून औषध रक्तात फार कमी जातं, पण तेही एकदा सर्जनच्या कानावर घाला. आणि मेडिकलमधून "अंगदुखीची एक द्या" म्हणून काही आणू नका. त्या एकाच गोळीत पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन किंवा अॅसिक्लोफिनॅक बसलेलं असतं.

आता मूळ प्रश्न. ही गोळी तुम्हाला जळजळीसाठी दिलेलीच नाही. जोडासाठी दिलीय.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी वेगळी करतात, ३० मिलीच्या आसपास, आणि लहान आतड्याचा पुढचा भाग वर ओढून तिला थेट जोडतात. एरवी जठरातून ॲसिड उतरतं ते ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात. तिथं पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येऊन त्याची धार मारतात. पण जे आतडं वर आणून जोडलंय त्याची ॲसिडशी कधी गाठच पडलेली नसते. मार्केट यार्डातला जुना हमाल हळदीच्या धुरळ्यात दिवसभर पोती उचलतो आणि नवखा माणूस गाळ्याच्या दारातच शिंकत सुटतो, तसं समजा. पिशवीत ॲसिड कमी बनतं, पण बनतं. कच्च्या जोडाजवळ त्यानं व्रण पडू शकतो, त्याला मार्जिनल अल्सर म्हणतात. जोड नीट भरेपर्यंत ॲसिड दाबून ठेवायचं म्हणून गोळी. बहुतेक ठिकाणी निदान ३ महिने देतात, काही सर्जन ६ महिने. पूर्वी अल्सर झालेला असेल, तंबाखू असेल, हेलिकोबॅक्टर (जठरात अल्सर करणारा जंतू) निघाला असेल तर त्याहून जास्त. दुर्बीण घातली तेव्हा तुकडा काढून हेलिकोबॅक्टर तपासला होता का, कागदात बघा. पॉझिटिव्ह असेल आणि औषधाचा कोर्स झाला नसेल तर ते आधी सांगा त्यांना.

जळजळ नाही म्हणजे व्रण नाही असंही धरू नका. काहींना काहीच कळत नाही आणि एकदम काळी शौच होते.

"डी" म्हणजे डॉमपेरिडोन. सेम नाही. ते मळमळीचं, पोट पुढं सरकवायचं औषध आहे, काही जणांच्या हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होतो. तुमच्या कागदावर नसेल तर परत करा आणि साधी मागा. आमच्याच धंद्यातल्या माणसानं असं बदलून देऊ नये, एवढंच बोलते.

फोडण्याबद्दल. पॅन्टोप्राझोलची साधी गोळी कुटायची किंवा तोडायची नाही. तिच्यावरचं आवरण ॲसिडपासून औषध वाचवायलाच असतं, ते मोडलं की औषध पिशवीतच खलास. पण ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोलच्या ज्या कॅप्सूलमध्ये बारीक दाणे असतात, त्या उघडता येतात, कारण तिथं आवरण प्रत्येक दाण्याला असतं. दाणे चमचाभर दह्यात किंवा सफरचंदाच्या बिनसाखरेच्या गरात घालायचे आणि न चावता गिळायचे. दुधात नको, दुधात ते आवरण लवकर सुटतं. बायपासवाल्यांसाठी हे नुसतं सोयीचं नाही. २०१७ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला होता, बायपासनंतर जोडाजवळ अल्सर झालेल्यांचा. उघडून घेणाऱ्यांतल्या निम्म्यांचा अल्सर ९१ दिवसांत भरला, अख्खी कॅप्सूल गिळणाऱ्यांतल्या निम्म्यांचा भरायला ३४२ दिवस लागले. पिशवी एवढीशी, अन्न भराभर पुढं जातं, कॅप्सूलला उघडायला सवडच मिळत नाही. तुम्हाला अल्सर नाही, तुमचा डोस प्रतिबंधाचा आहे. तरी गिळायला त्रास होतोय म्हटल्यावर सर्जनना विचारा की उघडता येणारी लिहून द्याल का. अडकल्यासारखं वाटतं हेही त्यांना सांगायचंच. जोड अरुंद झाला तरी तसं वाटतं. पातळ खाणं, पाणीसुद्धा अडकायला लागलं तर फेब्रुवारीची वाट बघायची नाही.

वेळेचं असं. थायरॉईडची गोळी उठल्याबरोबर साध्या पाण्यानं. अर्ध्या-पाऊण तासानं ॲसिडची. त्यानंतर अर्धा तास तरी जाऊ द्या आणि मग पहिलं खाणं. ही गोळी जठरातले ॲसिड सोडणारे पंप बंद करते, पण जे पंप चालू होताहेत तेच. खाणं आलं की पंप जागे होतात, तेव्हा औषध रक्तात हजर पाहिजे. जेवल्यावर घेतली तर बरीचशी वाया. चहापण खाण्यातच धरा. कॅल्शियम आणि लोह थायरॉईडपासून ४ तास लांब, आणि एकमेकांपासून २ तास. ॲसिड कमी असलं की थायरॉईडची गोळी थोडी कमी शोषली जाऊ शकते, उलट वजन उतरलं की डोसच कमी लागू शकतो. दोन्ही बाजूंनी ओढाताण, म्हणून टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्या.

हाडांचं रात्री लिहिते, दुकानात गर्दी आहे.

निसर्गवाट_तासगाव

ताई एवढ्या केमिकलच्या मागे कशाला लागताय. सकाळी जिरे-ओव्याचं पाणी, दुपारी थंड दूध, अगदीच वाटलं तर चिमूटभर खायचा सोडा लिंबू पिळून. आमच्या आजीनं कधी गोळी खाल्ली नाही, ९० वर्षं जगली.

सातारा_सिस्टर

दादा, तुमच्या आजीचं जठर कापून आतड्याला जोडलेलं नव्हतं.

सोडा-लिंबू म्हणजे पोटात गॅसचा फुगा. ह्या पेशंटना साधा सोडावॉटर पण प्यायला देत नाहीत. थंड दुधानं दहा मिनिटं बरं वाटतं, जोडाचं संरक्षण होत नाही. जिऱ्याचं पाणी कोमट, घोट घोट, साखर न घालता प्यायला माझी ना नाही, चवीला बरं लागतं आणि दिवसाचं पाणी पोटात जातं. गोळीऐवजी मात्र नाही.

ताई, मी साताऱ्यात सर्जिकल वॉर्डला बरीच वर्षं काढली. फार्मसीवाल्या ताईंनी बाकीचं लिहिलंय. माझं दोन-तीन गोष्टींबद्दल.

घरात कुणी मिसरी लावतं का? तुम्ही लावता का? राग मानू नका, आपल्याकडं बायकांना "तंबाखू खाता का" विचारलं की नाही म्हणतात, आणि सकाळी दात मिसरीनंच घासतात. कागदावर "व्यसन नाही" लिहिलं जातं. बिडी-सिगारेटनं ह्या जोडाजवळ अल्सर व्हायचा धोका चांगलाच वाढतो, हे पक्कं माहीत आहे. मिसरीतही तंबाखूच असते, निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं. म्हणून आम्ही मिसरीही बंद करायला सांगतो.

शौचाचा रंग. लोहाची गोळी चालू असेल तर रंग हिरवट-काळा होतोच, घाबरू नका. पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची काळी शौच आणि सोबत चक्कर, छातीत धडधड, किंवा उलटीत रक्त, कॉफीच्या चोथ्यासारखं काही, तर पुण्याला फोन लावत बसायचं नाही. सांगलीत सिव्हिल आहे, मिरज शेजारी आहे, जवळ असेल तिथं ताबडतोब जायचं आणि दारातच सांगायचं की बायपास झालेला आहे. हे सांगितलं नाही तर कॅज्युअल्टीत पोट दुखतंय म्हणून पहिलं डायक्लोफिनॅकच टोचलं जाईल. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, घरातल्या पोराच्याही.

आणि उलट्या. दोन-तीन दिवस काहीच ठरत नसेल तर नुसतं "ॲसिडिटी वाढली" म्हणून बसू नये. बी-१ जीवनसत्त्व कमी पडून डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं, चालताना झोक जाणं सुरू होऊ शकतं आणि ते फार लवकर बिघडतं. अशा पेशंटला ग्लुकोजची सलाईन लावायच्या आधी बी-१ द्यावं लागतं. हेही सांगायचं त्यांना.

ऊसपट्टा_कराड

मी कराडचा, साखर कारखान्यात शेती विभागाला. माझं स्लीव्ह आहे, बायपास नाही, त्यामुळं माझं तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही. तरी लिहितो, कारण स्लीव्हवाले पण हे वाचत असतील.

स्लीव्हमध्ये आतड्याला जोड नसतो. जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात, उरते एक अरुंद नळी. जठरातून आतड्यात उतरायचा खालचा वॉल्व्ह तसाच राहतो, म्हणून नळीत दाब जास्त, आणि दाब वर सरकला की घशाशी. आमच्यात गोळी जळजळीसाठीच असते. मला ऑपरेशनच्या आधी काही नव्हतं, नंतर सुरू झालं. गळीत हंगामात फडावरून यायला रात्रीचे दहा वाजतात, जेवून आडवा झालो की संपलं. आता हंगाम असो नसो, साडेसातला जेवण, डबा गाडीत. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घातल्यात. बायको म्हणते घसरून खाली येतो रात्री. येतो, पण घसा ठीक राहतो.

गोळी सोडायचा अनुभव सांगतो. डॉक्टरांनी एकदम नाही सोडली. ४० ची २० केली, मग एक दिवसाआड, मधल्या दिवशी रात्री फॅमोटिडीन, ती ॲसिड कमी करणारी दुसऱ्या जातीची गोळी. तरी पहिले दोन आठवडे असं जळायचं की वाटायचं रोग परत आला. डॉक्टर म्हणाले हा गोळी सोडल्याचा झटका आहे. इतके दिवस ॲसिड दाबून ठेवलं की शरीर ते बनवायची तयारी वाढवून बसतं, झाकण उघडलं की जास्तीचं येतं, मग आपोआप बसतं. माझं बसलं. नंतर पावसाळ्यात परत सुरू झालं ते मात्र खरं होतं. दुर्बिणीत अन्ननलिका लाल निघाली, गोळी परत चालू. आता ठराविक काळानं दुर्बीण करायला सांगितलीय, जळजळ असो नसो. फारच झालं तर स्लीव्हचं बायपास करतात म्हणे. तेवढी वेळ येऊ नये.

ॲसिडिटीच्या रॅनिटिडीन गोळीच्या जुन्या पट्ट्या घरात असतील तर वापरू नका. २०२२ मध्ये आपल्या सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ती काढलीय, तिच्यात नको ते द्रव्य सापडायला लागलं म्हणून बाहेरच्या देशांत आधीच बंद केली होती. माझ्या आईकडं डबाभर निघाल्या.

मिरजेची_फार्मसीवाली

आता हाडांचं. जाऊबाईंचा मेसेज पूर्ण खोटा नाही, अर्धवट आहे.

वर्षानुवर्षं ह्या गोळ्या घेणाऱ्यांत हाड मोडण्याचं, मॅग्नेशियम आणि बी-१२ कमी होण्याचं, किडनीच्या त्रासाचं प्रमाण जास्त दिसलंय, असे बरेच अभ्यास आहेत. पण ते मागे वळून नोंदी बघितलेले अभ्यास. जो आधीच आजारी तोच गोळी जास्त खातो, मग दोष गोळीचा की आजाराचा हे सुटं करता येत नाही. २०१९ मध्ये एका मोठ्या चाचणीचा निकाल आला, साडेसतरा हजारांवर लोक, निम्म्यांना तुमचीच पॅन्टोप्राझोल ४० आणि निम्म्यांना बिनऔषधाची गोळी, साधारण ३ वर्षं. हाडं, किडनी, कशातच ठळक फरक निघाला नाही. आतड्याचे जंतुसंसर्ग तेवढे थोडे जास्त झाले. ते हृदयाचे पेशंट होते, बायपासवाले नव्हते, म्हणून तुमच्यासाठी हा शेवटचा निकाल धरू नका. पण तीन-सहा महिन्यांच्या गोळीनं हाडं झिजतील ही भीती सोडा.

तुमच्या हाडांना खरा धोका ऑपरेशनचाच आहे. ज्या आतड्यात कॅल्शियम आणि लोह जास्त शोषलं जातं तेच वळसा घालून मागे टाकलंय. त्यात ॲसिड कमी. म्हणून कॅल्शियम कुठलं घेताय ते बघा. कार्बोनेट विरघळायला ॲसिड लागतं, सायट्रेटला लागत नाही. बायपासनंतर सायट्रेटच द्यायचं, खाणं आणि गोळ्या मिळून दिवसाला १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम, ५००-५०० करून विभागून. एका वेळी जास्त घेतलं तर शोषलं जात नाही. स्वस्तातल्या पट्टीवर बहुधा कार्बोनेट असतं. पाकीट उलटं करून वाचा. बी-१२ ला पण ॲसिड लागतं आणि जठरातलं दुसरं एक प्रथिनही लागतं, दोन्ही कमी झाल्यात, म्हणून ती जन्मभर, गोळी नाहीतर इंजेक्शन. हे इंजेक्शन मात्र बिनधास्त घ्या.

विश्रामबागची_खाणावळ

बापरे, एवढं तर मला डिस्चार्जच्या वेळी पण कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल, मी गुंगीत असेन. सगळ्यांचे आभार.

सिस्टर, राग कसला. मी लावत नाही, सासूबाई लावतात. त्यांना तुमचं वाचून दाखवलं. म्हणाल्या, तुझं ऑपरेशन झालंय, माझं थोडीच.

आज पुण्याला फोन केला. सर्जन ऑपरेशनमध्ये होते, त्यांच्या आहारतज्ज्ञ मॅडमनी निरोप पोचवून संध्याकाळी परत फोन केला, हे कौतुकाचं. उत्तरं अशी. गोळी बंद करायची नाही, फेब्रुवारीत बघू, बहुतेक सहा महिन्यांपर्यंत नेतील, कारण मला आधीचा हर्निया आणि घशाशी येणं होतं. हेलिकोबॅक्टर निगेटिव्ह आहे, कागदाच्या मागच्या पानावर होतं, इंग्रजीत एक ओळ. "डी" बंद. ओमेप्राझोलची दाण्यांची कॅप्सूल लिहून दिलीय, उघडून घ्यायची. अडकतंय म्हटल्यावर त्यांनी दहा प्रश्न विचारले. काय अडकतं, पाणी जातं का, उलटी होते का, भाकरी का पोळी. मला फक्त ती मोठी कॅप्सूल आणि मऊ पोळीचा पहिला घास अडकतो, बाकी सगळं जातं. मग म्हणाल्या पोळी अजून लवकर आहे, आधी भाकरी ताकात मऊ करून खा आणि घाईघाईत उभ्यानं खाऊ नका. उभ्यानं खायचं नाही म्हणे. खाणावळ चालवणाऱ्या बाईला! आता दुपारी डबे गेल्यावर पाटावर बसून पंचवीस मिनिटं खाते. पोरगा घड्याळ लावतो.

कॅल्शियमची पट्टी उलटी केली. कार्बोनेट. ती सासूबाईंना दिली, त्यांना चालते, त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच. इंजेक्शनवाल्या डॉक्टरांना सांगितलं की पुण्याहून नको म्हणाले, ते म्हणाले बरं.

एकच राहिलं. मला दिवसभर भाजी-आमटी चाखावी लागते. आमच्याकडं कांदा-लसूण मसाला सढळ असतो. चमच्याच्या टोकाएवढं, पण पाच-सहा पातेली. त्यानं जोडाला काही होतं का?

सातारा_सिस्टर

तिखटानं अल्सर होतो असं काही नाही, पण झालेला असला तर तिखट झोंबतं. चमच्याच्या टोकाएवढ्यानं जोडाला काही होत नाही. त्रास वेगळा आहे. वरचा तेलाचा तवंग आणि गोडाचं चाखणं. शिरा, बासुंदी, गुळाची आमटी असं गोड थेट आतड्यात उतरलं की पंधरा-वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा. त्याला डंपिंग म्हणतात. आणि दिवसभर थोडं थोडं तोंडात जात राहिलं तर जेवणाच्या वेळी प्रोटीनला जागा राहत नाही. दिवसाला ६० ग्रॅम तरी प्रोटीन गेलं पाहिजे. तेव्हा चाखा, चूळ भरून थुंका. नाहीतर चाखायला दुसरं माणूस धरा.

विश्रामबागची_खाणावळ

माणूस धरला. मास्तर साडेअकराला येऊन बसतात तसेही, पेपर वाचत. त्यांना वाटी देते. गेल्या आठवड्यापासून मीठ जरा कमी पडतंय अशी बँकवाल्यांची तक्रार आहे, कारण मास्तरांना बीपी आहे.

ऊसपट्टा_कराड

फार्मसीवाल्या ताई, माझं स्लीव्ह असलं तरी मीही कॅप्सूल उघडून घेऊ का? का तो अभ्यास फक्त बायपासचा?

मिरजेची_फार्मसीवाली

फक्त बायपासचा, दादा, आणि त्यातही अल्सर झालेल्यांचा. तुमच्या नळीत गोळीला विरघळायला पुरेसा वेळ मिळतो, खालचा वॉल्व्ह जागेवर आहे. गिळता येत असेल तर आहे तशीच घ्या, फक्त जेवणाआधी अर्धा तास. तुम्ही सकाळी घेता की रात्री? घशाशी रात्री येत असेल तर डॉक्टरांना विचारून संध्याकाळच्या जेवणाआधी घेऊन बघा.

ऊसपट्टा_कराड

सकाळी घेतो. उद्या विचारतो.